'क्रिश ३' : पडद्यामागचं इंजिनीअरिंग

मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री आमच्या विंगमध्ये 'क्रिश ३' लावला होता. एक लॅपटॉप, दोन स्पीकर आणि दोन खाटांवर मिळून चौदा-पंधरा पोरं. विमानाचं पुढचं चाक अडकून बसलंय, आत प्रवासी घाबरलेत, आणि क्रिश उडत जाऊन ते चाक मोकळं करतो, हा प्रसंग ज्यांनी पिक्चर पाहिला त्यांना आठवत असेल. तो चालू असताना मागून एक ज्युनिअर म्हणाला, "याच्यात काय आहे भाऊ, सगळं कम्प्युटर करते."

सगळे हसले, मीही हसलो. पण नंतर ते वाक्य डोक्यातून जाईना. उद्या कोणी म्हटलं की इटियाडोहच्या धरणात काय आहे, ते तर सिमेंटच बांधते, तर सिव्हिलवाले त्याला सोडतील का? म्हणून हा लेखप्रपंच. पिक्चर चांगला की वाईट, हा इथे विषयच नाही. गाण्यांच्या वेळी आम्हीही पुढे ढकलला. विषय आहे तो एवढाच की असा पिक्चर तयार होताना पडद्यामागे नेमकं काय चालतं आणि ते कोण करतं.

आधी थोडा इतिहास. राकेश रोशन यांचा 'कोई... मिल गया' आला ऑगस्ट २००३ मध्ये, 'क्रिश' आला जून २००६ मध्ये आणि 'क्रिश ३' आला १ नोव्हेंबर २०१३ ला, ऐन दिवाळीत. (क्रिश २ कुठे गेला, यावर त्या रात्री विंगमध्ये वाद झालाच. गेला कुठेच नाही, 'कोई... मिल गया' हा पहिला भाग धरला की हिशोब जुळतो.) पहिल्या भागातला जादू आठवतो ना? तो कम्प्युटरमधून आलेला नव्हता. इंद्रवदन पुरोहित नावाचे रंगभूमीवरचे कलाकार त्या पोशाखाच्या आत होते आणि पोशाख ऑस्ट्रेलियात जेम्स कोल्मर यांनी बनवला होता. त्या भागातल्या दृश्य-करामतींसाठी मार्क कोल्बे आणि क्रेग मम्मा हे परदेशी तज्ज्ञ बोलावले होते. दुसऱ्या भागातल्या हाणामाऱ्या आणि उड्या हाँगकाँगच्या टोनी चिंग स्यू-तुंग यांनी बसवल्या, म्हणजे माणूस तारेला टांगून उडवायचा आणि तो उडतोय असं वाटेल अशी त्याची चाल बसवायची. तिसऱ्या भागात तारांचं काम पुन्हा त्यांच्याकडेच गेलं, पण दृश्य-करामतींचा सगळा भार मुंबईच्या रेड चिलीज व्हीएफएक्सने उचलला. हीच मंडळी त्याआधी 'रा-वन' (२०११) करून बसली होती आणि त्यासाठी हरेश हिंगोरानी व केतन यादव यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता.

सिक्वेल हा प्रकार बाहेरून सोपा वाटतो. कथा माहीत, हिरो माहीत, पब्लिक तयार. पण काम करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर सिक्वेल जास्त छळतो. पहिल्या भागात काय दाखवलं होतं ते प्रेक्षकाच्या लक्षात असतं. मुखवट्याची कड कुठे संपते, कोट वाऱ्यावर कसा उडतो, उडी मारताना माणूस किती जड वाटतो, हे सगळं जुळलं पाहिजे. शिवाय मागच्यापेक्षा काहीतरी मोठं दाखवलं नाही तर लोक पैसे परत मागतील. २००६ मध्ये जो माणूस इमारतींवरून उड्या मारत होता त्याला २०१३ मध्ये आकाशात विमानाला हात लावावा लागतो. खलनायक काल याच्या अंगावर धातूचे तुकडे येऊन चिकटतात आणि चिलखत तयार होतं. जुन्याशी जुळवा आणि जुन्याला मागे टाका, ही दोन परस्परविरोधी कामं एकाच वेळी. आपल्या सबमिशनपेक्षा अवघड.

आता एक शॉट घेऊ आणि तो उलगडून पाहू. विमानासारखाच समजा, माणूस हवेत लटकलाय, मागे ढग, बाजूला यंत्राचा भाग. असा शॉट साधारणपणे कसा बांधतात ते सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे शूटिंगच्या कितीतरी आधी त्या प्रसंगाची ओबडधोबड कार्टूनसारखी फिल्म तयार केली जाते. तिला प्रीव्हिज म्हणतात. ती बघायला इतकी भिकार असते की गॅदरिंगमध्येही दाखवता येणार नाही. पण कॅमेरा कुठे ठेवायचा, कोणती लेन्स लावायची, विमानाचा किती भाग खरा लाकूड-लोखंडाचा बनवायचा आणि किती नंतर कम्प्युटरमध्ये करायचा, हे तिच्यावरून ठरतं. सेट उभारायला लाखो लागतात. जो भाग कॅमेऱ्यात येणारच नाही तो बांधण्यात अर्थ नाही. थोडक्यात, हे आपलं वर्किंग ड्रॉइंग.

मग शूटिंग. नट तारेला टांगलेला, समोर मोठे पंखे, मागे हिरवा पडदा. हिरवाच का? बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर बेयर पॅटर्न असतो, म्हणजे दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. त्यामुळे हिरव्या रंगाची माहिती सर्वांत जास्त आणि सर्वांत स्वच्छ मिळते. शिवाय माणसाच्या कातडीत हिरवा रंग कमी. पण त्रास असा की पडद्यावरून परावर्तित झालेला हिरवा उजेड नटाच्या अंगावर पडतो. क्रिशसारखा काळा चकचकीत कोट असेल तर विचारूच नका, तो अर्धवट आरसाच. मग तो हिरवा डाग एकेक कडेवरून काढत बसावं लागतं. तारा पुसाव्या लागतात त्या वेगळ्याच. आपल्याकडे १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'मध्ये बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या पार्श्वभूमीवर काळ्या धाग्याने वस्तू हवेत हलवल्या होत्या आणि लोक त्यांना 'काला धागा' म्हणूनच ओळखू लागले. तेव्हा धागा दिसू नये म्हणून मागचा पडदा काळा ठेवायचे. आता तार जाडजूड आणि सुरक्षित ठेवतात आणि ती नंतर पुसतात. नटाच्या जिवाच्या दृष्टीने ही प्रगतीच म्हणायची.

जिथे हिरवा पडदा लावता येत नाही तिथे रोटो. रोटो म्हणजे माणसाच्या कडेने बिंदू टाकत टाकत रेषा काढायची आणि त्याला मागच्या दृश्यातून कापून घ्यायचं. सिनेमा एका सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० चौकटी. प्रत्येक चौकटीत हाताची, बोटांची, केसांची कड हललेली. सॉफ्टवेअर मधल्या चौकटींत रेषा आपोआप सरकवतं हे खरं, पण कोपर वळलं की ती चुकते, आणि चुकलेली रेषा पडद्यावर किडा चालल्यासारखी वळवळते. मग पुन्हा हाताने.

त्यात कड म्हणजे कड नसतेच, हे मला फार उशिरा कळलं. कॅमेऱ्याचं शटर साधारण १/४८ सेकंद उघडं असतं. तेवढ्या वेळात सेकंदाला ५ मीटर वेगाने फिरणारं कोटाचं टोक जवळजवळ १० सेंटिमीटर सरकतं. म्हणजे तिथे धारदार कड नाही, दहा सेंटिमीटर रुंदीचा धूसर पट्टा आहे, त्यात अर्धा कोट आणि अर्धं आकाश. हा अर्धवटपणा आकड्यात मांडतात, त्याला अल्फा म्हणतात. अल्फा १ म्हणजे पूर्ण कोट, ० म्हणजे पूर्ण आकाश, मध्ये सगळं सरमिसळ. मग दोन चित्रं एकत्र करायचं सूत्र असं:

अंतिम रंग = अल्फा × पुढचा रंग + (१ − अल्फा) × मागचा रंग

१९८४ मध्ये टॉम डफ आणि थॉमस पोर्टर यांनी हे नीट गणितात बसवलं. अकरावीच्या पोरालाही समजेल असं सूत्र आहे, आणि आजही सगळ्या जगातल्या सुपरहिरोंचे कोट याच एका ओळीवर उडतात.

सिव्हिलवाल्यांसाठी खास पुढचा भाग. कम्प्युटरमधलं विमान खऱ्या शॉटमध्ये बसवायचं तर कम्प्युटरमधला कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्यासारखाच हलला पाहिजे, तसूभर फरक चालणार नाही. नाहीतर विमान बर्फावर घसरल्यासारखं दिसतं. पण खरा कॅमेरा शूटिंगच्या वेळी नक्की कुठे होता हे कसं कळणार? आठवा, प्लेन टेबल सर्व्हेतला थ्री-पॉइंट प्रॉब्लेम. तीन खुणा माहीत आहेत, त्या कुठल्या कोनात दिसतात ते माहीत आहे, तर आपण कुठे उभे आहोत ते काढा. मॅचमूव्ह म्हणजे हेच! पडद्यावर चिकटवलेल्या फुल्या, सेटचे कोपरे अशा शेकडो खुणा चौकटीगणिक कशा सरकल्या ते मोजायचं आणि त्यावरून प्रत्येक चौकटीतली कॅमेऱ्याची जागा, दिशा आणि लेन्सची वक्रता लीस्ट स्क्वेअर पद्धतीने सोडवायची. म्हणूनच मोठ्या सेटवर टेप घेऊन मापं टिपणारा एक माणूस असतो. सगळे हिरोचा फोटो काढत असतात आणि हा खांबाची उंची लिहीत असतो. आमच्या सर्व्हे प्रॅक्टिकलला कंटाळून पळालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

जागा जुळली की प्रकाश जुळवायचा. सेटवर शॉट संपला की एकजण एक चकचकीत स्टीलचा गोळा घेऊन नट उभा होता तिथे जाऊन उभा राहतो आणि गोळ्याचे वेगवेगळ्या एक्स्पोजरवर फोटो घेतात. गोळ्यात चहूबाजूंचा प्रकाश दिसतो. कुठे दिवा, कुठे खिडकी, कोण किती तेजस्वी. पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं की या फोटोंचा नकाशा करून कम्प्युटरमधल्या वस्तूवर त्याच दिशांनी तेवढाच उजेड टाकता येतो. मग कालच्या चिलखतासारख्या धातूच्या वस्तूत सेटवरचे दिवे दिसायला लागतात आणि डोळा फसतो. डोळ्याला गणित येत नाही, पण चुकीची सावली मात्र त्याला लगेच कळते. हे कसं, देव जाणे.

शेवटी रेंडरिंग. इथे थोडा हिशोब करू. समजा एका चौकटीला चार तास लागतात. धूर, काचा, धूळ, पडणारी इमारत असेल तर एवढे सहज लागू शकतात. १२० चौकटी म्हणजे ४८० तास, एका यंत्रावर सलग वीस दिवस, फक्त पाच सेकंदांसाठी. पण एक चौकट दुसऱ्या चौकटीवर अवलंबून नसते, त्यामुळे काम वाटता येतं. १०० यंत्रं असतील तर पहिल्या फेरीत १०० चौकटी, दुसरीत उरलेल्या २०, एकूण आठ तास. दुसऱ्या फेरीत रिकाम्या बसलेल्या ८० यंत्रांना दुसरा शॉट द्यायचा. ही वाटणी करणारा प्रोग्राम म्हणजे आपण ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात शिकतो तो शेड्युलरच. रात्री दोन वाजता एखादं यंत्र गचकलं तर तिथली चौकट दुसऱ्याला देण्यासाठी जागा राहणारा माणूसही लागतो, त्याला रेंडर रँगलर म्हणतात. आणि साठवण? २ के स्कॅनची पूर्ण चौकट २०४८ × १५५६ पिक्सेलची, दर पिक्सेलला ४ बाइट धरले तर पावणेतेरा एमबीच्या आसपास. एका सेकंदाला सुमारे ३०६ एमबी, मिनिटाला अठरा जीबीच्या वर. आणि हा एकच थर. एका शॉटमध्ये असे वीस-तीस थर असतात आणि प्रत्येकाच्या दहा-बारा आवृत्त्या, कारण दिग्दर्शक म्हणतो, "धूर थोडा डावीकडे घ्या."

"सगळं कम्प्युटर करते" म्हणणाऱ्याने हे एकदा वाचावं. कम्प्युटर गुणाकार करतो. रेषा कुठे काढायची, सावली किती मऊ ठेवायची, धूर डावीकडे घेतल्यावर हिरोचा चेहरा झाकला जातोय का, हे माणूस बघतो.

'क्रिश ३' मधली मला सर्वांत आवडलेली करामत मात्र विमानाची नाही. त्यात हृतिक रोशन बाप आणि मुलगा दोन्ही आहे, रोहित आणि कृष्णा. दोघं एकाच खोलीत, एकमेकांशी बोलतात, आणि आपण विसरूनच जातो की हा एकच माणूस आहे. मला वाटतं, विसरायला लावणं हीच खरी करामत.

आणि ही करामत आपल्याच मातीतली आहे, हे किती जणांना माहीत आहे? दादासाहेब फाळके यांच्या १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनी केल्या होत्या. हे तेच साळुंके, जे आधी मुंबईत एका खाणावळीत काम करत आणि 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करायचे, 'प्रोफेसर केळफा' या नावाने. नाव उलटं वाचून बघा. सिनेमा काढण्याआधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपून दाखवलं होतं, आणि त्या छोट्या फिल्मला नाव दिलं 'अंकुराची वाढ'. पुढे 'चित्रपट कसे तयार करतात' हे दाखवणारी फिल्मही त्यांनी काढली. म्हणजे आज डीव्हीडीबरोबर जे 'मेकिंग' मिळायचं, मोबाइलवर जे दिसतं, ते फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून ठेवलं आहे.

वेश बदलून दोन पात्रं करणं ही एक गोष्ट झाली. एकाच चौकटीत दोघांना शेजारी उभं करणं ही दुसरी. फिल्मच्या जमान्यात लेन्सचा अर्धा भाग काळ्या पुठ्ठ्याने झाकून एक बाजू चित्रित करायचे, रीळ मागे फिरवायचे आणि मग दुसरा अर्धा झाकून तीच फिल्म पुन्हा चालवायचे. हात चुकला की सगळं वाया. आणि कॅमेरा जागचा हलवायचा नाही, म्हणून जुन्या डबल रोलच्या प्रसंगांत कॅमेरा खांबासारखा स्थिर असतो. पुढच्या वेळी जुना पिक्चर बघाल तेव्हा लक्ष द्या. ही अडचण सोडवली मोशन कंट्रोलने. कॅमेरा मोटरींच्या हातावर बसवलेला, त्याचा मार्ग कम्प्युटरमध्ये नोंदलेला, मग तोच मार्ग तो पुन्हापुन्हा तंतोतंत चालतो. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'साठी अशी यंत्रणा बनवली होती आणि तेव्हापासून ती पक्की झाली. मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, ही तुमची सर्व्हो मोटर.

पण यंत्र कितीही अचूक असलं तरी नटाला हवेशी बोलावं लागतं. समोर कोणी नाही, फक्त एका काठीवर चिकटवलेली खूण किंवा पाठमोरा डमी. बापाचं वाक्य कधी संपेल आणि मुलाने कधी हसायचं, याचा ताल पाळायचा, आणि मेकअप बदलून काही तासांनी पलीकडच्या बाजूने पुन्हा तोच प्रसंग करायचा. आपल्याकडे दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात तेव्हा विंगेत उभा असलेला माणूस वाक्यावर कान ठेवून दिवा टाकतो, एक सेकंद चुकला तर प्रेक्षक शिट्ट्या मारतात. ते कान आणि हे कान एकच आहेत असं मला वाटतं. फक्त तिथे रिटेक नसतो.

आता हे सगळं करणारी माणसं कुठे बसतात? गोरेगावला. म्हणजे आपलं कोहमारा रस्त्यावरचं गोरेगाव नव्हे, मुंबईचं, जिथे दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. त्याच्या आजूबाजूला अंधेरी, मालाडपर्यंत असे स्टुडिओ पसरलेले. विदर्भ एक्सप्रेसने दुपारी गोंदियाहून बसायचं, सकाळी दादरला उतरून लोकल पकडायची, की गोरेगाव ते गोरेगाव प्रवास पूर्ण.

हा प्रवास माझ्या एका शाळासोबत्याने केला. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. बारावीनंतर इंजिनीअरिंगला न जाता त्याने अॅनिमेशनचा कोर्स केला, फी भरायला घरच्यांनी धानाचे पैसे आणि वर कर्ज घातलं. मग एका स्टुडिओत लागला. पहिली दीड वर्षं त्याने फक्त रोटो केलं, तेही रात्रपाळीत, कारण परदेशातल्या ऑफिसला सकाळी काम तयार पाहिजे असायचं. एका इंग्रजी सिक्वेलमधल्या एका नटीचे केस त्याने अकरा दिवस कापले. पिक्चर लागल्यावर तो मित्रांना घेऊन नागपूरला गेला आणि दिवे लागले, लोक उठले तरी नामावली संपेपर्यंत बसून राहिला. कंपनीचं नाव आलं. त्याचं नाही आलं. मला म्हणाला, "पण केस बरोबर होते राजा." नंतर काम कमी झालं आणि त्याचा करार पुढे वाढवला नाही.

यात त्या एका स्टुडिओचाच दोष आहे असं म्हणता येत नाही, धंद्याची रचनाच तशी आहे. काम ठरलेल्या किमतीत घेतलं जातं, पण 'धूर थोडा डावीकडे'ला किंमत नसते. ऱ्हिदम अँड ह्यूज ही अमेरिकन कंपनी बघा, मुंबई आणि हैदराबादलाही तिची ऑफिसं होती. 'लाइफ ऑफ पाय'मधला वाघ तिने केला. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच महिन्यात त्या वाघासाठी ऑस्कर मिळालं! म्हणजे 'क्रिश ३' आला त्याच वर्षी. फेब्रुवारी २०२५ मध्ये टेक्निकलर कोसळली आणि भारतातल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. याच्या उलट बाजूही आहे. नमित मल्होत्रा यांनी १९९७ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या प्राइम फोकसचा व्हीएफएक्सचा धंदा २०१४ मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्हशी जोडला गेला, आणि त्या डीएनईजीच्या कामाला मार्च २०२५ मध्ये 'ड्यून: पार्ट टू'साठी ऑस्कर मिळालं. तोही विज्ञानकथेचा सिक्वेलच. कमाई कुठे आहे आणि घाम कुठे आहे, ते ज्याने त्याने बघावं.

त्यात आता मशीन लर्निंग आलं. 'न्यूक' या कंपोझिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की काही चौकटी तुम्ही हाताने करून दाखवा, उरलेल्या ते शिकून करतं. माझ्या मित्राचं अकरा दिवसांचं काम त्याने किती दिवसांवर येईल, हा प्रश्न मी त्याला विचारला नाही. म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो, पटो वा न पटो. फक्त रोटो शिकण्यासाठी लाखांची फी भरू नका. ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मॉडेलिंग, मॅचमूव्ह, रेंडरिंग, कंपोझिटिंग सगळं आहे, आणि लॅबमधल्या मशीनवर रडतखडत का होईना चालतं. आधी त्यात एक पाच सेकंदांचा शॉट पूर्ण करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. त्यानंतरही हौस टिकली तर पुढचं बघा. आणि आपल्याकडे जे आहे ते विसरू नका. या स्टुडिओंना पायथनमध्ये टूल लिहिणारी, रेंडरची यंत्रणा सांभाळणारी, धूर-पाण्याचं सिम्युलेशन समजणारी माणसं लागतात. पाइपलाइन टीडी म्हणतात त्यांना. फ्लुइड मेकॅनिक्समधली नेव्हिअर-स्टोक्सची समीकरणं, जी आपण पेपरपुरती पाठ करतो, त्यांच्यावरच पडद्यावरचा पूर वाहतो. मार्च २०२५ मध्ये 'क्रिश ४' जाहीर झाला, दिग्दर्शन स्वतः हृतिक रोशन करणार म्हणून. तो जेव्हा कधी होईल तेव्हा त्यातला एखादा पूर आपल्यापैकी कोणी वाहवावा, एवढं म्हणायला काय हरकत आहे.

शेवटी प्रॅक्टिकल. डबल रोल रूमवर करून बघा, खर्च शून्य. मोबाइल स्टँडवर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर घट्ट बसवा. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर दोन्ही टेकचा उजेड वेगळा येईल. चौकटीच्या मधोमध फरशीवर खडूने रेघ मारा. पहिल्या टेकमध्ये डाव्या खाटेवर बसून बोला, दुसऱ्यात उजव्या, पण हात किंवा सावली रेघेपलीकडे जाऊ द्यायची नाही. नजर स्थिर राहावी म्हणून समोरच्या खाटेवर झाडू उभा करून त्याच्या टोकाकडे बघा. आधी एकाचे संवाद रेकॉर्ड करून ते इअरफोनवर ऐकत दुसऱ्याचे म्हणा. नंतर दोन्ही टेक एकावर एक ठेवून मध्ये कापा आणि कापलेली कड वीस-तीस पिक्सेल मऊ करा.

आम्ही गॅदरिंगसाठी हे केलं तेव्हा तीन चुका झाल्या, त्या सांगून ठेवतो. एक, पंखा बरोबर रेघेवर होता, त्यामुळे अर्धं पातं एका वेळेचं आणि अर्धं दुसऱ्या वेळेचं. दोन, दोन टेकच्या मध्ये लाइट गेली ती तासाभराने आली. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, तेवढ्यात खिडकीचं ऊन फरशीवरून चालत भिंतीवर गेलं, आणि पडद्यावर एकाच खोलीत दोन दुपारी दिसल्या. तिसरी चूक इलेक्ट्रिकलच्या पोराने पकडली. चित्र हलकं लुकलुकत होतं. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झ, म्हणून साधी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/४८ ठेवलं तर त्यात दोन आवर्तनं पुरी बसून थोडं उरतं आणि ते उरलेलं प्रत्येक चौकटीत वेगळं पडतं. १/५० ठेवलं तर बरोबर दोन. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० करा आणि पंखा बंद ठेवा, उकडलं तरी.